लाख सह्या, पण दाखल कोठे?

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याण सोडले की पहिले स्थानक शहाड. मुंबईकरांना ते रेयॉनच्या कारखान्यामुळे आणि बिर्ला मंदिरामुळे ठाऊक आहे. ठाणे जिल्ह्याच्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांना मात्र ते उल्हास नदीमुळे ठाऊक असते. शहाड आणि आंबिवली यांच्यामध्ये लोकल ज्या नदीवरून जाते, त्याच नदीच्या पात्रातून, मोहने बंधाऱ्याच्या परिसरातून, लक्षावधी नागरिकांच्या घरी पाणी पोहोचते. त्याच पात्रात उल्हासनगरचे सांडपाणी वाहून आणणारा खेमाणी नाला वर्षानुवर्षे मिसळत आला. त्याच पात्रावर जलपर्णीचा जाड थर साचतो आणि पावसाळ्यात हीच नदी फुगली की रायते पुलावरून पाणी जाऊन कल्याण-माळशेज मार्ग बंद पडतो. पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि पुराचे पाणी या तिन्हींचा निकाल जेथे एकाच पात्रात लागतो, असे हे ठिकाण आहे.

याच परिसरात १६ सप्टेंबर २०२५ रोजी एक जनसुनावणी झाली. मोहने येथील एनआरसी कारखाना २००९ पासून बंद आहे. त्या जागेवर अदानी समूहाच्या अंबुजा सिमेंट कंपनीने वर्षाला ६० लाख टन क्षमतेचा सिमेंट दळण्याचा प्रकल्प प्रस्तावित केला असून त्याचा खर्च सुमारे १,४०० कोटी रुपये सांगण्यात आला. मोहने आणि लगतच्या गावांतील रहिवाशांनी धूळ, मालमोटारींची वर्दळ आणि आरोग्य या मुद्द्यांवर त्याला विरोध केला. त्यानंतर दहाच दिवसांनी, २६ सप्टेंबर रोजी, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक मसुदा अधिसूचना काढली. स्वतःचे वीजनिर्मिती केंद्र नसलेल्या स्वतंत्र सिमेंट दळण प्रकल्पांना पूर्व पर्यावरण मंजुरीच्या अटीतून वगळावे, असा तिचा आशय होता. पूर्वमंजुरीची अट गेली की तिच्याबरोबर येणारी जनसुनावणीही जाते. त्या मसुद्यावर हरकती नोंदविण्यासाठी ६० दिवसांची मुदत होती.

अशा प्रसंगी शहरी सुशिक्षित समाजाची पहिली प्रतिक्रिया आता ठरून गेली आहे. भ्रमणध्वनीवर एक दुवा येतो. ‘सही करा आणि पुढे पाठवा’ असे त्यासोबत लिहिलेले असते. नाव, ई-मेल, एक कळ, आणि अर्ध्या मिनिटात आपण पर्यावरणाच्या बाजूने उभे राहिल्याचे समाधान पदरात पडते. या सह्यांनी खरोखर काही साधते काय, हा प्रश्न जगभर विचारला जात आहे. एका गटाच्या मते ही आरामखुर्चीतील चळवळ आहे. दुसऱ्या गटाच्या मते ज्यांना मोर्चाला जाणे शक्य नाही, त्यांना लोकशाहीत मिळालेला हा नवा आवाज आहे. दोन्ही बाजू सह्यांच्या संख्येवर आणि सही करणाऱ्याच्या तळमळीवर वाद घालतात. ती सही शेवटी कोणाच्या टेबलावर जाऊन पडते आणि तिचे उत्तर देणे त्या माणसावर बंधनकारक आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः यशापयशाची किल्ली तेथेच आहे.

तीन शब्द, तीन वजने

इंग्रजीतील एका शब्दासाठी मराठी सार्वजनिक व्यवहारात तीन वेगवेगळे शब्द आहेत आणि कचेरीची पायरी चढलेल्या कोणालाही त्यांतील फरक सांगावा लागत नाही. पहिला शब्द ‘निवेदन’. ते कोणीही, केव्हाही, कोणालाही द्यावे. घेणारा ते हसतमुखाने स्वीकारतो, छायाचित्र निघते आणि कागद फाइलीत जातो. उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. दुसरा शब्द ‘हरकत’. कायद्याने एखाद्या निर्णयापूर्वी लोकांचे म्हणणे मागविलेले असते, त्यासाठी मुदत ठरलेली असते आणि त्या मुदतीत आलेला कागद नोंदवून घ्यावाच लागतो. हरकतीचा विचार न करता निर्णय घेतला तर तो निर्णय पुढे न्यायालयात अडचणीत येऊ शकतो. तिसरा शब्द ‘याचिका’. ती दाखल झाली की न्यायालयाला तिचा काही ना काही निकाल द्यावाच लागतो. फेटाळायची झाली तरी कारणे नोंदवून.

आपण ज्याला ‘ऑनलाइन याचिका’ म्हणतो, ते बहुतेक वेळा केवळ निवेदन असते. नावात याचिका आली म्हणून तिला याचिकेचे बळ येत नाही. ती पंतप्रधानांना, मुख्यमंत्र्यांना, कधी ‘जगातील सर्व नेत्यांना’ उद्देशून लिहिलेली असते. ती कोणत्याही आवक नोंदवहीत चढत नाही आणि तिला जावक क्रमांकही मिळत नाही. अशी लाख निवेदने एकत्र केली तरी त्यांची एक हरकत होत नाही, हे कायद्याच्या दृष्टीने कटू असले तरी सत्य आहे.

या बाबतीत परदेशातही चित्र फारसे वेगळे नाही. ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावर एकेकाळी नागरिकांना विनंतीपत्रे मांडता येत असत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तेथील आठ हजारांहून अधिक विनंतीपत्रांचा अभ्यास केला, तेव्हा सरकारी उत्तरासाठी आवश्यक असलेल्या अवघ्या ५०० सह्याही दहांतल्या नऊंहून अधिक विनंतीपत्रांना मिळाल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी जी मोहीम पेटत नाही ती बहुधा पेटतच नाही, असेही त्यातून दिसले. पुढे तेथील संसदेने १० हजार सह्यांना सरकारी उत्तर आणि एक लाख सह्यांना चर्चेसाठी विचार, अशी पायरी ठरवून दिली. ही पायरी महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे सही किमान कोठे तरी दाखल होते. तरीही २०१९ मध्ये युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा निर्णय रद्द करावा म्हणून तेथे ६० लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि तो निर्णय जागचा हलला नाही. चर्चा झाली, सरकारने भूमिका बदलली नाही.

मुखत्यारपत्र आणि सही

अर्ज-विनंत्यांच्या राजकारणाचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सहा हजार लोकांनी दिलेल्या मुखत्यारपत्रांच्या आधारे ९५ प्रतिनिधी तिच्यात बसले होते. त्या काळी लोकांनी केलेली सही म्हणजे ‘माझ्या वतीने बोलण्याचा अधिकार मी याला देत आहे’ असा लेखी करार होता. सहीमागे माणूस होता आणि सहीपुढे प्रतिनिधी होता. गणेश वासुदेव जोशी यांना ‘सार्वजनिक काका’ ही पदवी जनतेने दिली, ती याच प्रातिनिधिक कामामुळे.

या सभेने १८७५ मध्ये हिंदुस्थानला ब्रिटिश संसदेत प्रतिनिधित्व मिळावे म्हणून अर्ज पाठविला. त्यातून हाती काही लागले नाही. परंतु १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने आपली माणसे गावोगावी पाठवून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली, तेव्हा तिच्या शब्दाला वजन आले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या नेतृत्वाखाली सभेचे कार्यकर्ते खेड्यांत गेले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतही त्यांच्या सभा झाल्या. दुष्काळ संहितेत सारा तहकुबीची आणि सुटीची कोणती तरतूद आहे, हे त्यांनी शेतकऱ्यांना मराठीत समजावून सांगितले. नम्र विनंती करणारी सभा सरकारला चालत होती. रयतेला सरकारच्याच कायद्यातील कलम दाखविणारी सभा मात्र चालली नाही. मार्च १८९७ मध्ये मुंबई सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली आणि सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला उद्देशून निवेदन करण्याचा तिचा हक्कच नाकारला.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष आजच्या कळफलकावरील सहीलाही लागू पडतो. सत्तेला विनंतीची भीती नसते. विनंती करणाऱ्याला नियम ठाऊक झाला, त्याच्याजवळ जागेवरची माहिती आली आणि त्याच्या वतीने बोलणारा माणूस पुढे उभा राहिला की मग तिला दखल घ्यावी लागते.

मंत्रालयाच्या दारातील सतरा लाख

ऑनलाइन सहीचे हरकतीत रूपांतर झाले तर काय घडते, याचा सर्वांत मोठा प्रयोग भारतात २०२० मध्ये झाला. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा नवा मसुदा मार्चमध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, जाहीर झाला. तो फक्त इंग्रजी आणि हिंदीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून रोजी तो आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत उपलब्ध करण्याचे आदेश दिले आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली. तरुणांच्या गटांनी संकेतस्थळांवर हरकतीचे तयार नमुने ठेवले. नागरिकाने आपले नाव घालून ते मंत्रालयाच्या अधिकृत पत्त्यावर पाठवायचे. मंत्रालयाकडे सुमारे सतरा लाख सूचना व हरकती जमा झाल्या.

याचा परिणाम झाला नाही असे म्हणता येणार नाही. मोहीम चालविणाऱ्या एका गटाचे संकेतस्थळ बंद पाडण्यात आले. दिल्ली पोलिसांनी त्यासाठी आधी दहशतवादविरोधी कायद्याखालील नोटीस काढली आणि मग ती चुकून निघाल्याचे सांगून मागे घेतली. १८९७ च्या मान्यता काढण्याची आठवण यावी, असाच हा प्रकार. तो मसुदाही अंतिम अधिसूचनेत उतरला नाही, हे या मोहिमेचे निर्विवाद श्रेय आहे.

मात्र गोष्ट येथे संपत नाही. परवानगी न घेता सुरू केलेल्या प्रकल्पांना नंतर मंजुरी देण्याची तरतूद हा त्या मसुद्यावरील प्रमुख आक्षेपांपैकी एक होता. जुलै २०२१ मध्ये मंत्रालयाने एका कार्यालयीन ज्ञापनाद्वारे अशा प्रकरणांसाठी कार्यपद्धती घालून दिली. ज्ञापनाला जनतेच्या हरकती मागविण्याची गरज नसते. सतरा लाख लोक समोरच्या दारात उभे असताना निर्णय मागच्या दाराने आत गेला. तेथे त्याला अडविले ते मुंबईच्या ‘वनशक्ती’ या संस्थेच्या याचिकेने. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी पश्चात मंजुरी बेकायदा ठरविली. परंतु १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. म्हणजे सतरा लाख हरकतींनीही जे साधले नाही, ते एका याचिकेने साधले, आणि सहा महिन्यांत ते पुन्हा हातचे गेले. मंजुरीच्या राजकारणात कायमचा विजय कोणालाच मिळत नसतो. पहारा सतत ठेवावा लागतो. कळ दाबून दुवा पुढे पाठविणाऱ्याकडे नेमका या सातत्याचाच अभाव असतो.

आरे आणि मोले

महाराष्ट्र आणि गोवा यांच्या अलीकडच्या इतिहासातील दोन लढे शेजारी ठेवून पाहिले तर हा फरक अधिक स्पष्ट होतो.

आरे वसाहतीतील मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर २०१९ मध्ये मुंबई महापालिकेकडे ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. त्यांपैकी बऱ्याचशा ऑनलाइन मोहिमेतून आल्या होत्या. महाराष्ट्रातील १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने हरकतींची वाट ठेवलेली होती, म्हणून त्या कागदांना नोंद तरी मिळाली. तरीही वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्टला तोडीला मंजुरी दिली. उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबरला याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राचीच याचिका करून ‘जैसे थे’चा आदेश दिला, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढे कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, २०२२ मध्ये सरकार बदलले, कारशेड पुन्हा आरेत आली आणि आज मेट्रोची ती मार्गिका धावत आहे. आरेतील आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली, ही या आंदोलनाची स्थायी मिळकत. मेट्रो हेही प्रदूषण कमी करणारे वाहन आहे, हा प्रतिवाद येथे होता आणि तो पोकळ नव्हता. अशा वादात केवळ आकडा निर्णायक ठरत नाही, हे आरेने दाखविले.

गोव्यातील मोलेचे अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान यांतून रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाब वीजवाहिनी नेण्याचे प्रस्ताव होते. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दूरदृश्य बैठकीत त्यांपैकी काहींचा विचार केला. येथेही ऑनलाइन सह्या आणि पत्रे यांची मोहीम झाली. तिच्याबरोबर शास्त्रज्ञांनी मूल्यांकन अहवालांतील त्रुटी दाखविणारी टिपणे लिहिली, चित्रकारांनी चित्रे काढली आणि १ नोव्हेंबरच्या रात्री चांदोर येथे हजारो गोवेकर रेल्वेमार्गाजवळ जमले. मुरगाव बंदरातून कोळसा वाहण्यासाठी हे दुपदरीकरण होत आहे, असा त्यांचा आरोप होता. म्हणून हवामान बदलाचा प्रश्न तेथे अमूर्त राहिला नाही, तो घरासमोरून जाणाऱ्या वाघिण्यांत दिसला. गोवा फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे आणि न्यायालयात गेले. समितीने एप्रिल २०२१ मध्ये दुपदरीकरणाच्या मंजुरीविरुद्ध अहवाल दिला आणि ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. सह्या येथे पाठीमागची गर्दी होत्या; पुढे अभ्यासक, वकील आणि गावकरी होते.

फ्रान्समध्येही हाच क्रम दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये चार संस्थांनी हवामानविषयक निष्क्रियतेबद्दल सरकारला नोटीस दिली आणि तिच्या पाठिंब्यासाठी सह्या मागविल्या. वीस लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. पॅरिसच्या प्रशासकीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारला दोषी ठरविले आणि ऑक्टोबरमध्ये २०२२ अखेरपर्यंत झालेली हानी भरून काढण्याचा आदेश दिला. दाव्याचे टपाल आधी गेले होते, सह्या नंतर आल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सह्यांचे खरे बळ कोठे चालते?

यावरून ऑनलाइन मोहिमा निरुपयोगी आहेत असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. ज्याला ग्राहक गमावण्याची भीती आहे, त्याच्यावर त्यांचा परिणाम लवकर होतो. कोडाईकनाल येथील तापमापक कारखान्यातील पाऱ्याच्या प्रदूषणाबाबत कामगार दीड दशक झगडत होते. २०१५ मध्ये एका तमिळनाडूच्या तरुण गायिकेचे रॅप गीत देशभर पसरले, त्यासोबत सह्यांची मोहीम झाली आणि मार्च २०१६ मध्ये युनिलिव्हरच्या भारतीय कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. साबण विकणाऱ्याला बदनामी परवडत नाही. वीज किंवा सिमेंट विकणाऱ्याला ती बरीच परवडते. सल्लामसलतीची खिडकी उघडी असतानाही सह्या चालतात. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेटच्या समान वापराबाबत प्रश्नावली काढली, तेव्हा दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ई-मेल पाठविले. त्या मेलमध्ये प्राधिकरणाच्या प्रश्नांची क्रमवार उत्तरे होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने भेदभावाचे दर रोखणारा नियम केला.

हवामान बदलाच्या बाबतीत मात्र एक अधिकची अडचण आहे. कार्बनला पत्ता नसतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. उल्हास खोऱ्याने २६ जुलै २००५ चा प्रलय पाहिला आहे. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, तेही याच खोऱ्यात. एकेका पुराचा दोष सरळ तापमानवाढीवर टाकता येत नाही, पण अशा पावसाची शक्यता वाढत चालली आहे. मग निवेदन द्यायचे कोणाला? ढगांचा कार्यकारी अभियंता कोठेच बसत नाही.

म्हणूनच हवामानाचा लढा जेथे कोणाची तरी सही लागते अशा लहान निर्णयांत शोधावा लागतो. नदीची निळी आणि लाल पूररेषा कोठे आखली गेली, तिच्या आत भराव कोणी टाकला, नाल्यावर बांधकामाला परवानगी कोणी दिली, विकास आराखड्यात मोकळी जागा कशी नाहीशी झाली, या प्रत्येक प्रश्नाला अधिकारी आहे, फाइल आहे आणि बहुधा हरकतीची मुदतही आहे. मोहनेच्या प्रकल्पाचेही असेच. सिमेंटमुळे होणाऱ्या उत्सर्जनाचा फार मोठा भाग चुनखडी भाजून क्लिंकर तयार करताना होतो. ती भट्टी दळण केंद्रात नसते. ‘मोहने प्रकल्पामुळे पृथ्वी तापेल’ असे लिहिलेल्या विनंतीपत्राला कंपनीचा तज्ज्ञ एका वाक्यात उत्तर देऊ शकेल. परंतु क्लिंकर येण्याचा आणि सिमेंट जाण्याचा मार्ग कोणता, दिवसाला किती मालमोटारी शहाडच्या पुलावरून जाणार, धूळ नदीच्या पाणी उचलण्याच्या जागेपासून किती अंतरावर बसणार, लगतच्या शाळांचा विचार अहवालात कोठे आहे, या प्रश्नांची उत्तरे त्याला कागदोपत्री द्यावी लागतात. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीत नोंदले गेलेले आक्षेप अंतिम अहवालात विचारात घ्यावे लागतात आणि मंजुरीविरुद्ध ३० दिवसांत हरित लवादाकडे अपील करता येते. मसुदा अधिसूचनेने या प्रकारच्या प्रकल्पांसाठी पुसून टाकण्याचा प्रस्ताव मांडला तो हाच सर्व क्रम.

उल्हासचा अनुभव

या मार्गाने जाऊन काय मिळते, हे उल्हास नदीला ठाऊक आहे. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’नेच २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे अर्ज केला होता. लवादाने जुलै २०१५ मध्ये सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि नदीकाठच्या पालिका यांच्यावर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा बोजा टाकला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. नदी त्याने निर्मळ झाली नाही. मात्र सांडपाणी कोणाचे, ते शुद्ध करण्याची जबाबदारी कोणाची आणि न केल्यास किंमत किती, हे प्रथमच लेखी ठरले. पुढच्या प्रत्येक निवेदनाला त्या आदेशाचा आधार मिळाला. सहीची मोहीम ज्या दिवशी थांबते, त्या दिवशी तिचे बळ संपते. आदेश मात्र कोणी आठवण करून देणारा असेल तोवर जिवंत राहतो.

दुसरी बाजूही येथेच दिसते. न्यायालयाची वाट लांब, खर्चाची आणि थोड्यांच्याच आवाक्यातली आहे. संस्थेने खटला चालवायचा आणि शहराने बातमी वाचायची, अशी विभागणी झाली की विषय लोकांचा राहत नाही. त्या ठिकाणी ऑनलाइन सहीला खरे काम आहे: खटल्यामागे, सुनावणीमागे आणि मागणीमागे लोक आहेत हे दाखविणे, पुढील तारीख कळविणे, आणि सही करणाऱ्यांतून सुनावणीला प्रत्यक्ष येणारी माणसे वेचून काढणे. हजार सह्यांतून पन्नास माणसे सुनावणीच्या मांडवात आली तर ती मोहीम यशस्वी म्हणावी. लाख सह्यांतून एकही आला नाही तर ती केवळ पत्त्यांची यादी ठरते, आणि त्या यादीचा पुढे कोणी काय उपयोग करील याची शाश्वतीही नसते.

म्हणून दुवा हाती आला की वाचकाने सही करण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. विनंती कोणत्या अधिकाऱ्याला उद्देशून आहे? ज्या निर्णयाविरुद्ध ती आहे त्याचा क्रमांक आणि दिनांक दिला आहे काय? हरकतीची मुदत केव्हा संपते? आपले म्हणणे अधिकृत पत्त्यावर आपल्या नावाने जाते की एखाद्या खाजगी संकेतस्थळावर केवळ आकडा वाढतो? आणि सह्या गोळा झाल्यावर त्या घेऊन कोण जाणार आहे? ही उत्तरे नसतील तर तेवढ्याच वेळात स्वतःची दोन वाक्यांची हरकत लिहिणे अधिक मोलाचे. एकाच नमुन्याची दहा हजार पत्रे अधिकारी एक हरकत म्हणून मोजू शकतो. आटाळी-वडवलीच्या रहिवाशाने आपल्या गल्लीतील मालमोटारींविषयी मराठीत लिहिलेले एक पत्र त्याला वेगळे वाचावे लागते.

भाषेचा हा मुद्दा दुय्यम नाही. बहुतेक ऑनलाइन मोहिमा इंग्रजीत चालतात आणि मुंबई-पुण्याच्या घरांतून फिरतात. नदीकाठचा आगरी-कोळी समाज, बंद कारखान्याच्या चाळींत राहणारे माजी कामगार, पूररेषेच्या आत घर बांधून बसलेली कुटुंबे यांच्यापर्यंत त्या क्वचितच जातात. ज्यांच्या दारात पाणी येणार त्यांची सही यादीत नाही आणि ज्यांची सही यादीत आहे त्यांना ते गाव नकाशावर दाखविता येत नाही, ही स्थिती प्रकल्पाच्या प्रवर्तकाला सोयीची असते. ‘बाहेरच्यांचा विरोध’ म्हणून तो सह्यांचा गठ्ठा बाजूला सारतो.

एकूण विचार करता, ऑनलाइन विनंतीपत्र हे हवामानाच्या लढ्यातील दुय्यम पण उपयुक्त साधन आहे, आणि त्याचा उपयोग कायद्याने उघडी ठेवलेली दारे किती आहेत यावर अवलंबून आहे. दार उघडे असेल तर त्या सह्यांची हरकत होते. दार बंद झाले की त्याच सह्या पुन्हा निवेदनाच्या पायरीवर येतात. त्यामुळे सध्या सहीची सर्वाधिक गरज असलेली मागणी कोणत्याही एका कारखान्याविरुद्धची नाही. जनसुनावणी, हरकतीची मुदत आणि अपिलाचा हक्क यांतील एकही दार अधिसूचनेने किंवा ज्ञापनाने बंद होऊ नये, ही ती मागणी आहे. शहाड-मोहनेच्या नागरिकाला सिमेंट हवे असेल वा नको असेल. ते विचारले जाण्याचा त्याचा अधिकार टिकला, तरच पुढच्या सहीला काही अर्थ राहील.